फुलकोबीच्या पाकिटातली मोहरी

मृगाच्या तोंडावर सांगलीतील एका प्रदर्शनात ‘तीन हंगाम, तीन संच’ अशी पाटी लावून परसबागेचे बियाणे विकणाऱ्या एका गृहस्थाने आमच्या विश्रामबाग भागातील बऱ्याच घरांकडून वर्षभराचे पैसे आगाऊ घेतले आणि पुढे सर्वांना फसवले. त्याची पद्धत इतरांना कळावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पावसाळी संच त्याने अगदी स्वस्तात दिला. त्यातील भेंडी, गवार आणि दोडक्याचे बी नामवंत कंपन्यांच्या सीलबंद पाकिटांत होते आणि ते उत्तम निघाले. श्रावणात आमच्या गच्चीवर भेंडीची तोडणी सुरू असताना तो स्वतः पाहणीला आला, झाडांचे तोंडभरून कौतुक केले आणि हिवाळी व उन्हाळी संचांचे अठराशे रुपये घेऊन गेला. पावती म्हणून कोऱ्या कागदावर एक रबरी शिक्का तेवढा मिळाला. त्यावर ना पत्ता होता, ना परवाना क्रमांक.

दसऱ्यानंतर आलेल्या संचात मेथी, कोथिंबीर आणि फुलकोबी होती. या वेळी मात्र साध्या पारदर्शक पिशव्यांना रंगीत चित्राचा कागद स्टेपल केलेला होता. मेथी आणि धणे किराणा दुकानातले होते, हे मागाहून उमगले. त्यांची भाजी तरी झाली. फुलकोबीची रोपे मात्र पिशव्यांत लावल्यावर सरळ उंच वाढू लागली, पाने हाताला खरखरीत लागू लागली आणि मार्गशीर्षात शेंड्यांवर चार पाकळ्यांची पिवळी फुले आली. खऱ्या फुलकोबीचे पान जाड, गुळगुळीत आणि निळसर झाक असलेले असते. माहेरी शेती असलेल्या शेजारच्या काकू वाकून पाहत म्हणाल्या, “अहो, ही तर मोहरी! हिला कसला गड्डा धरतोय?”

मोहरी आणि फुलकोबी एकाच कुळातील असल्याने दोन्हींचे बी गोल, बारीक आणि तपकिरी असते, त्यामुळे नुसत्या नजरेने फरक ओळखणे जवळजवळ अशक्य असते. संकरित फुलकोबीच्या दहा ग्रॅमच्या पाकिटाला जे पैसे पडतात, त्यात किलोभर मोहरी सहज येते. गोणपाटात बी गुंडाळून उगवण तपासावी, असा सल्ला नेहमी दिला जातो आणि तो योग्यच आहे, परंतु इथे त्याचा काहीही उपयोग झाला नसता, कारण मोहरी उत्तम उगवते.

पेरणीपासून गड्डा दिसेपर्यंत निदान अडीच-तीन महिने जातात आणि या लबाडीचा सगळा डाव त्या अवधीवर उभा असतो. फोनवर त्याने कोणाला पाणी जास्त झाल्याचे, कोणाला कुंडी लहान पडल्याचे, तर कोणाला थंडी कमी पडल्याचे सांगितले. ही कारणे खोटी वाटत नाहीत, कारण हंगाम चुकला तर अस्सल फुलकोबीचाही गड्डा बटणाएवढाच राहतो. त्यामुळे जो तो आपल्याच हाताला दोष देत बसला. उन्हाळी संचाची वेळ आली तेव्हा त्याचा फोन बंद होता.

बियाणे विकण्यासाठी १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार परवाना लागतो, तो पाहायला मागावा. पाकिटावर पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख, वैधता आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता छापलेला असला पाहिजे. प्रमाणित, म्हणजे सरकारी यंत्रणेने तपासून प्रमाणपत्र दिलेल्या, बियाण्याला निळा टॅग असतो आणि सत्यप्रत, म्हणजे दर्जाची हमी उत्पादक स्वतः देतो त्या, बियाण्याला हिरवे लेबल असते. पहिला संच चांगला निघाला म्हणून पुढच्या हंगामाचे पैसे देऊ नयेत, तो तर गळाला लावलेला आमिषाचा तुकडा असतो.

फसवणूक झालीच, तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागता येते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि मोबाइलवरून पैसे पाठवले असतील तर १९३० वर लगेच कळवावे. आमच्यापैकी बहुतेकांनी रिकाम्या पिशव्या फेकून दिल्या होत्या. एका घरी मात्र चित्राच्या कागदासह चिमूटभर बी शिल्लक निघाले आणि तक्रारीला तेवढाच पुरावा जोडता आला.