मानधन, कमिशन की फी? संस्थेतून बाहेर पडताना

मार्च जवळ आला की सामाजिक संस्थांमधल्या कार्यकर्त्यांचे मला फोन येतात. प्रकल्प संपत आलाय, नवा मंजूर झालेला नाही. "ताई, तुम्ही ते गुंतवणुकीचं करता ना? मला जमेल का?"

जमेल. एम.एस.डब्ल्यू. करून नऊ वर्षं मी बचत गटांमध्ये काढली, मग म्युच्युअल फंड वितरक झाले, आता सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार आहे. तिन्हीकडे कसब एकच लागलं: पैशांबद्दल बोलताना समोरचं माणूस काय गाळतंय ते ऐकणं. नवऱ्याने न सांगता घेतलेलं कर्ज वस्तीतही असतं आणि बाणेरच्या टॉवरमध्येही. तेव्हा जमेल का यापेक्षा तुमचे पैसे कोण देणार, हे आधी बघा.

संस्थेत आपण राबतो वस्तीसाठी आणि मानधन येतं देणगीदाराकडून. वस्तीची गरज एक, अहवालातले रकाने दुसरे. ही ओढाताण तुम्हाला मी सांगायला नको. 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा बदलला आणि परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. आमच्याकडे त्याची झळ लागली, तेव्हा मी पहिल्यांदा बाहेर बघायला लागले.

वितरक होणं सगळ्यात सोपं. सेबीच्याच एनआयएसएम या संस्थेची पाच-ए परीक्षा 50 टक्क्यांनी पास व्हायची आणि फंड कंपन्यांची संघटना असलेल्या अ‍ॅम्फीकडून एआरएन हा वितरकाचा नोंदणी क्रमांक घ्यायचा. ग्राहक खिशातून वेगळं काही देत नाही; फंड कंपनी त्याच्या जमा रकमेवर दरवर्षी ट्रेल कमिशन देते, जे रेग्युलर (वितरकामार्फत घेतलेल्या) प्लॅनच्या खर्चातून, म्हणजे शेवटी ग्राहकाच्याच परताव्यातून जातं. हिशोब मात्र कठोर आहे. समजा कमिशन 0.8 टक्के आणि महिना 5,000 रुपयांची एसआयपी करणारे 100 जण तुम्ही पहिल्याच महिन्यात गोळा केलेत (होत नाही, पण समजा). बाजाराची चढउतार सोडली तर वर्षभराची तुमची कमाई साधारण 26,000 रुपये. वर्षाची, महिन्याची नव्हे. महिना 30,000 सुटायला साडेचार कोटींची गुंतवणूक तुमच्या हाताखाली लागते. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये सेबीने आगाऊ कमिशन बंद केलं, ते योग्यच झालं. पण नव्या माणसाला पहिली दोन-तीन वर्षं घरातल्या दुसऱ्या पगारावर काढावी लागतात.

आणि रचना बघा: सेवा एकाची, पैसे दुसऱ्याचे. पुन्हा तेच.

सल्लागाराला फी देतो तो ग्राहकच, दुसरं कोणी नाही. कमिशनला हात लावायचा नाही. एकाच व्यक्तीला सल्ला आणि वितरण दोन्ही करता येत नाही, म्हणून मला एआरएन परत करावा लागला. 12,000 रुपये वार्षिक फी देणारी 30 कुटुंबं मिळाली की तेच महिना 30,000 होतात. ठरावीक फीची कमाल मर्यादा एका कुटुंबाला वर्षाला 1,51,000 आहे; तिथपर्यंत पोचायची घाई नाही. परीक्षा दोन, दहा-ए आणि दहा-बी. डिसेंबर 2024 मध्ये सेबीने नेटवर्थ (स्वतःची किमान मालमत्ता) आणि अनुभवाच्या अटी काढल्या. 150 ग्राहकांपर्यंत आता एक लाखाची रक्कम अडकवून ठेवावी लागते. पंधरा वर्षं धूळ खात पडलेलं माझं बी.कॉम. तेव्हा कामाला आलं. तुम्ही बी.ए., एम.एस.डब्ल्यू. असाल तर पात्रतेचा चालू नियम सेबीच्या संकेतस्थळावर बघूनच परीक्षेचे पैसे भरा. कागदपत्रं, करारनामे, वार्षिक ऑडिट यांची भीती मला वाटली नाही. ज्याने देणगीदाराचा तिमाही अहवाल लिहिलाय, त्याला हे किरकोळ आहे.

त्याच बदलात अर्धवेळ सल्लागाराची सोय झाली: दुसरी नोकरी धरून जास्तीत जास्त 75 ग्राहक. समुपदेशकाला, शाळेतल्या समाजकार्यकर्त्याला हे छान बसतं. ज्या नोकरीत लोकांचे पैसे हाताळायचे असतात ती धरून मात्र चालत नाही, तेव्हा गटांच्या कर्जवाटपात असलेल्यांनी आधी चौकशी करावी.

विम्याची एजन्सी? टर्म, म्हणजे निव्वळ जोखमीचा विमा विकून पोट भरत नाही आणि एंडोमेंट, म्हणजे बचतीची जोड दिलेली, ग्राहकाला महाग पडणारी पॉलिसी विकून झोप लागत नाही. पुढे चला.

आता जे मला बोचतं ते. फी घेणारा सल्लागार झालात की बचत गटातल्या तुमच्या जुन्या बायका तुमच्यासमोर बसणार नाहीत. धुणंभांडी करणारी बाई महिना 500 बाजूला टाकेल, 12,000 फी कुठून आणेल? तिच्या दारात पोचू शकतो तो कमिशनवाला वितरकच. म्हणून वितरणाला नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या बायकांना सोडायचंच नसेल तर तिसरी वाट आहे: रिझर्व्ह बँकेच्या 2017 पासूनच्या आर्थिक साक्षरता केंद्रांचं काम संस्थाच चालवतात. मानधन तेच, प्रकल्पाची टांगती तलवारही तीच, पण विषय पैशांचा.

मूल्यांचं म्हणाल तर फी घेतली म्हणून हात स्वच्छ राहत नाहीत. व्यसनमुक्तीत आयुष्य घालवलेल्या एका सरांना मी निफ्टी 50 चा इंडेक्स फंड, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या ठरलेल्या यादीत पैसे टाकणारा फंड सुचवला. त्यांनी यादी वाचली, आयटीसीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सिगारेट?" ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून गुंतवणाऱ्या फंडांसाठी सेबीने 2023 मध्ये सहा प्रकार ठरवले, त्यातला एक नको ते उद्योग वगळणारा आहे, पण पर्याय मोजके. शेवटी सरांनी मुदत ठेवच केली. मी आग्रह केला नाही. वितरक असते तर केला असता का, ते मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

नोकरी सोडण्याआधी एक करा. ओळखीच्या तीन घरी दोन-दोन तास बसा. पॉलिसी, ठेवी, नॉमिनी यांचे कागद लावून द्या. काही सुचवू नका आणि पैसे घेऊ नका, नोंदणीशिवाय गुंतवणुकीच्या सल्ल्याची फी घेणं बेकायदा आहे. उठताना फक्त मनातल्या मनात म्हणून बघा, "याचे बारा हजार होतील." मानधनाची सवय झालेल्या माझ्या तोंडून तो आकडा न अडखळता बाहेर पडायला चार महिने लागले.