कोर्ग पीए५०: आठ महिने वापरल्यावर, आणि माझ्या चाली परत कशा सुरू झाल्या

जुना अरेंजर कीबोर्ड (कॉर्ड धरली की मागची साथ आपोआप वाजवणारा) घ्यावा का असं दोन-तीन जणींनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय, थोडं लांब होईल.

आमच्या वडोदऱ्यात नवरात्र संपली की गरब्याचे ऑर्केस्ट्रावाले जुनं सामान काढतात, तसा हा गेल्या दिवाळीच्या सुमारास एका वादकाकडून मिळाला, २१ हजारात, स्टँड आणि बॅगसकट. मॉडेल २००३ सालचं. ६१ पट्ट्या, ६२ नोट्सची पॉलिफनी (म्हणजे एका वेळी वाजू शकणारे सूर), डावीकडे जॉयस्टिक, आणि आवाजांचं इंजिन कोर्गच्याच ट्रायटन नावाच्या सिंथेसायझरच्या घराण्यातलं. आजच्या नवीन कीबोर्डांपुढे यादी छोटीच आहे, पण मला यादी नको होती.

मला काय हवं होतं ते सांगते. कॉलेजात असताना मी कवितांना चाली लावायचे, हार्मोनियमवर, रोज काहीतरी सुचायचं. मग लग्न, नोकरी, मुलं, आणि पाचेक वर्षांपूर्वी हौसेनं लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून घेतलं. तिथं काय व्हायचं की आधी पियानोचा आवाज निवडण्यात अर्धा तास, मग एक ओळ वाजवायची, ती स्क्रीनवर दिसायची, मग तीच ओळ नीट करत बसायचं, आणि ध्रुवपदाच्या पुढे गाडी जायचीच नाही. अशा ६०-७० फाइली पडल्यात माझ्याकडे, एकालाही अंतरा नाही. मला खरंच वाटायला लागलं होतं की आता आपल्याला सुचत नाही, आणि त्याचं फार वाईट वाटायचं.

ह्या कीबोर्डवर पहिल्याच रात्री फरक कळला. स्टाइल (म्हणजे तयार ठेका आणि साथ) लावली, सिंक स्टार्ट दाबलं, डाव्या हातानं एक कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) धरली की ड्रम, बेस, गिटार सगळं सुरू, आणि ते थांबत नाही. तुम्ही काही केलं नाही तर तीच कॉर्ड वाजत राहते, कानाला कंटाळा येतो, मग हात आपोआप पुढची कॉर्ड शोधतो आणि गळा त्याच्या मागे जातो. मागे जाऊन दुरुस्त करायला वेळच नाही. जाऊबाईंची एक कविता समोर होती, पावसावरची, चार कडव्यांची, तिचा अंतरा मला चालू ठेक्यावर गाता गाता सापडला, साडेअकरा वाजले होते, मोबाइलवर घाईघाईनं रेकॉर्ड केला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले तेव्हा हात थरथरत होते. इतक्या वर्षांनी पूर्ण चाल!

आता दुरुस्तीचं. मैदानातली धूळ वर्षानुवर्षं आत गेलेली, त्यामुळे मधल्या सप्तकातल्या चार-पाच पट्ट्या कधी वाजायच्याच नाहीत तर कधी एकदम जोरात. रावपुऱ्याच्या बाजूला एक रिपेअरवाले भाई आहेत, त्यांनी माझ्यासमोर उघडला, पट्ट्यांखालच्या रबराच्या लांब पट्ट्या काढल्या, त्याखालचे काळे कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसले, कापूस पार काळा झाला. "बेन, आ तो खाली धूळ छे," म्हणजे ही तर नुसती धूळ आहे, असं म्हणाले, आणि खरंच तेवढंच होतं. फ्लॉपी ड्राइव्ह चालत होती पण फ्लॉप्यांना बुरशी, म्हणून तिच्या जागी यूएसबी एम्युलेटर बसवून घेतला. आता एका पेनड्राइव्हवर १.४४ एमबीचे नंबर घातलेले कप्पे होतात, कीबोर्डला वाटतं फ्लॉपीच आहे. सगळं मिळून साडेतीन हजार गेले. घेणाऱ्यांनी एवढं बजेट वेगळं ठेवाच, आणि घेताना प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात अशी दोनदा वाजवून बघा.

सगळ्यात मोठा शोध मात्र सरांमुळे लागला. सर म्हणजे मी लहानपणी ज्यांच्याकडे शिकले ते, त्यांचं स्वतःचं शिक्षण इथल्या म्युझिक कॉलेजातलं, म्हणजे सयाजीरावांनी गायक मौलाबक्षांकडून १८८६ साली सुरू करवलेली ती गायनशाळा. वय झालंय पण कान तसाच. त्यांना चाल ऐकवली तर डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "चाल चांगली आहे गं, पण तुझा गंधार टोचतोय, जरा उतरव." मी म्हटलं सर कीबोर्डचा सूर कसा उतरवणार? घरी येऊन मॅन्युअल चाळलं तर स्केलचं पान आहे! अरबी संगीतासाठी ठेवलेली सोय, प्रत्येक सूर वेगळा सेंटमध्ये (काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग) वरखाली करता येतो. नैसर्गिक शुद्ध गंधार (ग) षड्जापासून (सा) ३८६ सेंटवर आणि कीबोर्डचा ४०० वर, म्हणजे १४ नं चढा. माझा सा काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी), त्यामुळे गंधार येतो पांढरी एकवर, तेवढ्या सुराला उणे १४ केलं आणि खाली नुसता सा-प धरून ठेवला. काय सांगू, अंगावर काटा आला. गळा आणि पट्टी एकमेकांत मिसळून गेले. एक लक्षात ठेवा, सा बदलून दुसऱ्या पट्टीत गेलात की तोच सूर बेसूर लागणार, म्हणून गाणं संपलं की स्केल परत इक्वल (मूळची) करायची सवय लावा.

उणिवा आहेतच. ह्यातला सतारीचा आवाज मला अजिबात आवडला नाही. लॅपटॉपला जोडायला यूएसबी नाही, वाद्यं जोडायची जुनी ५ पिनांची मिडी जोडणीच. डिस्प्लेवर संध्याकाळच्या उजेडात डोळे ताणावे लागतात. गरब्यासाठी हींच (गरब्याचा नेहमीचा ठेका) वाजवायची तर तयार ६/८ वर भागतं, पण आपले ताल तयार नाहीत, ते स्वतः बनवावे लागतात, आणि इथं मला उलट मजा आली. स्टाइलमध्ये ड्रम, पर्कशन, बेस आणि पाच साथीचे असे आठ ट्रॅक असतात. रिकामी स्टाइल घेऊन मीटर ७/४ ठेवलं आणि रूपक (सात मात्रांचा ताल) भरायला बसले, ती ती ना, धी ना, धी ना. रूपकात समेवरच (पहिल्या मात्रेवर) खाली, म्हणजे डग्ग्याचा घुमारा नसलेली जागा, असल्यानं पहिल्या मात्रेला बेस ठेवला की सगळा रूपकपणा जातो हे तीन संध्याकाळी घालवल्यावर कळलं. बेस चौथ्या मात्रेवर नेला, पहिलीवर फक्त किनारीसारखा बारीक आवाज, आणि ठेका हलायला लागला. त्या नादात दोन नवीन चाली झाल्या त्या वेगळ्याच.

आठ महिन्यांत अकरा चाली पूर्ण झाल्या. त्यातल्या चार यंदा गणपतीत दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात बायका म्हणणार आहेत, प्रॅक्टिस सुरू झालीय. रूपकाचं फिल अजून जमलेलं नाही, साडेतीन मात्रांचा तुकडा दोनदा घेऊन बरोबर समेवर यायचंय, आज रात्री परत बसते.