व्हायोलिनच्या पिझो पिकअपपुढे बफर की प्रीॲम्प?

घोडीवर पिझो पिकअप (तारांचे कंप विद्युत संकेतात बदलणारा सेन्सर) बसवलेले व्हायोलिन थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडले, की वरचे करकरीत स्वर तेवढे पुढे येतात आणि खर्जाच्या तारेचा भरीवपणा नाहीसा होतो. पिकअपची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण १ नॅनोफॅरड आणि इनपुटचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) १० किलोओम धरला, तर सुमारे १६ किलोहर्ट्झच्या खालचा आवाज उत्तरोत्तर क्षीण होत जातो. तोच इम्पीडन्स १० मेगाओम असेल, तर ही सीमा १६ हर्ट्झवर उतरते. इतका मोठा इम्पीडन्स देण्याचे काम बफर (पातळी न वाढवता संकेत पुढे देणारे सर्किट) करतो आणि चांगला प्रीॲम्पही (पातळी वाढवणारे उपकरण) करतो. त्यामुळे खरा प्रश्न आवाजाची पातळी कोणी वाढवायची, एवढाच उरतो.

प्रीॲम्पची बाजू कमकुवत नाही. मिक्सर नसलेल्या घरगुती बैठकीत एकाच स्पीकरवर वाजवायचे असेल, किंवा नेमकी घुमणारी कंप्रता कापण्यासाठी नॉच फिल्टर हवा असेल, तर बफर तेथे अपुरा पडतो.

सभागृहातील मैफलीत मात्र मला प्रीॲम्पच्या गेनच्या (पातळी वाढवण्याच्या) बटणाचा त्रास होत राहिला. पातळी दोन ठिकाणी वाढू लागते: एक बटण वादकाजवळ, दुसरे साउंडवाल्यांच्या हाताशी. वादकाने आपले बटण कमी ठेवले, तर मिक्सरवर ती तूट भरून काढताना प्रीॲम्पची सूक्ष्म सरसरही वाढते आणि आलापीच्या विरामात, तानपुरा सुरू असतानाही, ती कानाला जाणवते. बटण वर ठेवले, तर द्रुत लयीतील जोरकस गजाला आवाज फाटण्याची भीती राहते. शिवाय साउंड चेकनंतर ते बटण जरासे जरी हलले, तरी मॉनिटर (वादकाला स्वतःचे वादन ऐकवणारा स्पीकर) शिट्टी देऊ लागतो आणि दोष नेमका कोठे आहे हे कार्यक्रम चालू असताना शोधावे लागते. बफरला बटणच नसते. येईल तेवढीच पातळी तो पुढे देतो आणि वाढवण्याची जबाबदारी एकाच हाती राहते. उत्तम प्रतीच्या प्रीॲम्पमध्ये ही सरसर बरीच कमी असू शकते, हे मान्य. बटण दोन ठिकाणी असण्याची अडचण मात्र किमतीने सुटत नाही, असे माझे मत झाले आहे.

बफर घेताना इनपुट इम्पीडन्स अवश्य विचारावा. गिटारसाठीचे पुष्कळ बफर १ मेगाओमचे असतात. वरील पिकअपसोबत त्यांची सीमा १६० हर्ट्झच्या आसपास येते, आणि खर्जाची तार उतरवून मिळवणाऱ्याला ते परवडत नाही. बफर वाद्याच्या शक्य तितका जवळ ठेवावा, कारण साध्या शील्डेड केबलची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते आणि पिकअप व बफर यांच्यामध्ये ५ मीटर केबल टाकली, तर १ नॅनोफॅरडच्या पिकअपची पातळी दोन तृतीयांशच उरते.