कसोलमधील एक अतिथिगृह: भीड, भाव आणि इस्रायली शेजार

हिमाचल प्रदेशातील पार्वती नदीकाठच्या कसोलमध्ये आम्ही एका लहान अतिथिगृहात चार रात्री राहिलो. मणिकर्णच्या अलीकडे जेमतेम ४ किलोमीटरवर असलेल्या या गावात हिब्रू पाट्या सर्रास दिसतात. आमच्या शेजारच्या खोल्यांमध्येही सक्तीची लष्करी सेवा नुकतीच संपवून ‘तियूल गादोल’, म्हणजे मोठ्या भटकंतीला निघालेली इस्रायली मुलेमुलीच होती.

खोली स्वच्छ होती आणि गरम पाणी वेळेवर मिळे. भाड्याचा प्रकार मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. मालकाने सांगितलेले १,२०० रुपये आम्ही भिडेपोटी मुकाट्याने मान्य केले. आमच्यामागून आलेल्या दोन इस्रायली मुलींनी मात्र नळ सोडून पाहिला, गादी दाबून पाहिली, ‘हे फार महाग आहे’ असे तोंडावर सांगितले, पाठ फिरवून चार पायऱ्याही उतरल्या आणि अखेर तशीच खोली ८०० रुपयांना घेतली. मला हे उद्धटपणाचे वाटले. मालकाला अजिबात वाटले नाही. संध्याकाळी तो त्यांच्याबरोबर मोडक्यातोडक्या हिब्रूत थट्टामस्करी करत चहा पीत बसला होता.

सहज फसणाऱ्या भोळसट माणसाला हिब्रूत ‘फ्रायर’ म्हणतात आणि तसे ठरणे ही त्यांच्याकडे नामुष्की समजली जाते. आडपडदा न ठेवता बोलण्याला ‘दुग्री’ असा शब्द असून तो त्यांना प्रामाणिकपणा वाटतो. त्यामुळे भाव करताना चढलेला आवाज भांडणाचा नसतो, हे मला जरा उशिराच उमगले. भीड ही भिकेची बहीण, असे सांगणारी म्हण आपलीच असावी, हे विशेष.

उपाहारगृहातील शाकशुका, म्हणजे टोमॅटोच्या रश्शातील अंडी, उत्तम होती; हुमूस ही काबुली चण्यांची चटणी थोडी आंबट. नवख्या वाढप्याची मात्र तारांबळ उडे. पाचही बोटे जुळवून वर धरणे ही ‘जरा थांब’ अशी इस्रायली खूण त्याला ‘जेवण आण’ अशी वाटे आणि तो अधिकच लगबगीने धावे.

गैरसोय एकच, मध्यरात्रीनंतरही व्हरांड्यात रंगणाऱ्या गप्पांची. पहिल्या रात्री आम्ही कुढत जागे राहिलो. दुसऱ्या रात्री मी बाहेर जाऊन ‘आम्हाला झोपायचे आहे’ असे सरळ सांगताच, कोणीही मनाला लावून न घेता मंडळी नदीकडे निघून गेली. धीर चेपल्यामुळे सकाळी मी भाड्याचाही विषय काढला. मालकाने उरलेल्या दोन रात्रींचे भाडे ८०० रुपयांप्रमाणे लावले आणि ‘पहिल्याच दिवशी का नाही विचारलेत?’ असे वर मलाच विचारले.