एक मोठा एसएमपीएस की आठ सुटे अडॅप्टर?

दुकानातल्या आठ सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय उडालाय. आता 12 व्होल्ट 10 अँपिअरचा एकच एसएमपीएस (सगळ्या कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा एकच डबा) घ्यायचा, की प्रत्येक कॅमेऱ्याला 12 व्होल्ट 2 अँपिअरचा सुटा अडॅप्टर? एसएमपीएस डीव्हीआरशेजारी (रेकॉर्डिंगच्या यंत्राशेजारी) बसतो, एकाच यूपीएसवर चालतो. पण तो गेला की आठही कॅमेरे आंधळे. अडॅप्टर गेला तर एकच. मात्र शिडी लावून, जळमटं झटकत तो काढायचा कोणी? लांबच्या कॅमेऱ्याचं चित्र दिवसा ठणठणीत आणि रात्री आयआर (अंधारात बघण्यासाठीचे कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे) लागताच गायब होत असेल, तर बहुधा बारीक वायरीत व्होल्टेज पडतंय. रात्रीच, कॅमेऱ्याच्या टोकाला मीटर लावून बघा. तिथे जवळचा अडॅप्टरच बरा. बाकीचे सात मी एसएमपीएसवरच ठेवीन.