मारियोची रेघ विकत घेताना: पर्वरीची मारियो गॅलरी

वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या गोव्यातल्या पर्वरीच्या गॅलरीत व्यंगचित्रकार मारियो मिरांदांची चित्रं मगावर, टाइलवर, कागदावर, हवी तशी मिळतात. घ्यायचं तर कागदावरचं, काळ्या शाईचं घ्या, आणि परवडेल तेवढं मोठं.

कारण मारियोंची सगळी करामत बारीक रेघेत आहे. 1926 साली दमणला जन्मलेल्या, लोटलीच्या या माणसाने चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये इतिहास, मग काही काळ वास्तुकला. हात घडला तो रोजनिशीत चित्रं काढून, पुढे जाहिरातीच्या स्टुडिओत आणि वर्तमानपत्रांत. गुलबेंकियन शिष्यवृत्तीवर पोर्तुगाल आणि त्यानंतर लंडनची काही वर्षंही झाली. पण खरी ओळख पटते ती चित्रांतल्या घरांत. कौलं, बल्कांवचे (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीचे) खांब, खिडकीची नक्षी असं सगळं सुटं सुटं काढलेलं. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, गर्दीतही प्रत्येक चेहरा वेगळा, आणि कोपऱ्यात कुत्रा किंवा कावळा. अशा चित्राशी पंधरा मिनिटं उभं राहावं, तरी काहीतरी नवं सापडतंच. बायकांच्या उफाड्याच्या आकृत्या मात्र पुन्हापुन्हा त्याच साच्यातल्या येतात. तिथे ही नजर तोकडी वाटते.

चित्र लहान केलं की जवळजवळच्या रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो. म्हणून मगावर गर्दीचं चित्र घेऊ नये, त्यांच्या व्यंगचित्रांतली सेक्रेटरी मिस फोन्सेका एकटी असेल तर चालेल. टाइल घेताना चित्र भट्टीत भाजलेलं आहे की वरून चढवलेलं, हे विचारा. वरून चढवलेलं असेल तर ओट्यामागे लावू नका, घासणीने उडतं. अनेक टाइल्सचं एकच चित्र असेल तर आधी जमिनीवर मांडून पाहा. सांधा नेमका चेहऱ्यावरून गेला तर चित्र बिघडतं.

फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका. गोव्याच्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो, बुरशीचे ठिपके पडतात आणि मग तो सोडवताना शाई निघते. मध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याचा चार-पाच सेंटिमीटर रुंद माउंट (चित्राभोवतीची चौकट) घाला, फ्रेमची मागची बाजू कागदी पट्टीने बंद करा आणि खालच्या कोपऱ्यांना मागून छोटे रबरी ठोकळे लावा, म्हणजे फ्रेम आणि भिंतीच्या मधून हवा खेळते. पावसाच्या झडीची बाहेरची भिंत टाळा, थेट उन्हाचीही. आणि चित्र डोळ्यांच्या उंचीला लावा. सोफ्यावर उंच टांगलं तर कोपऱ्यातला तो कुत्रा कुणालाच दिसणार नाही.