परदेशात व्यवसाय सुरू करताना सल्ला कोणाचा घ्यावा? नोंदणी एजंट, स्थानिक वकील की मोठी लॉ फर्म?

परदेशात कंपनी काढायचं मनात आलं की माणूस आधी नोंदणीचा खर्च शोधतो आणि थेट नोंदणी एजंटच्या दारात पोचतो. ठरलेली फी, घरबसल्या काम, काही दिवसांत प्रमाणपत्र. त्यात फसवणूक असतेच असं नाही. ब्रिटनमध्ये कंपनीचा संचालक तिथला रहिवासी असावा अशी अट नाही, त्यामुळे परदेशात बसून कंपनी खरोखरच नोंदवता येते. एस्टोनियाने २०१४ मध्ये ई-रेसिडेन्सी, म्हणजे परदेशी माणसाला दिलं जाणारं डिजिटल ओळखपत्र, सुरू केली; त्यावर कंपनीची नोंदणी ऑनलाइन होते. पण ते कार्ड म्हणजे एस्टोनियात राहण्याचा परवाना नव्हे. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये कंपनी काढली म्हणून मालकाला अमेरिकेत काम करता येत नाही. कंपनी जन्माला घालणं सोपं, तिथे जाऊन ती चालवण्याचा हक्क मिळवणं अवघड. आपली अडचण यातली नेमकी कुठली आहे, त्यावर कोणाला पैसे द्यायचे हे ठरायला हवं.

एजंट पुरेसा कधी? मालक एकटाच आहे, तो आपल्याच देशात राहणार आहे, त्या देशात नोकर नाहीत, दुकान नाही आणि माल किंवा सेवा ऑनलाइन विकायची आहे, अशा वेळी. काही ठिकाणी तर एजंटशिवाय चालतच नाही. सिंगापूरमध्ये परदेशी माणसाला नोंदणीकृत एजंटमार्फतच अर्ज करावा लागतो. किमान एक संचालक तिथला रहिवासी लागतो आणि सहा महिन्यांच्या आत कंपनी सेक्रेटरी नेमावा लागतो. एजंट हे सगळं पुरवतो, आपला नामधारी संचालकही देतो. हे कायदेशीर आहे. मात्र हा ‘नामधारी’ माणूस कायद्याच्या नजरेत पूर्ण संचालकच असतो. त्याच्याशी झालेला करार एजंटने दिलेल्या छापील नमुन्यावर सोडू नये, वकिलाकडून वाचून घ्यावा.

नामधारी संचालक आणि नामधारी भागधारक यांत गल्लत झाली तर ती फार महाग पडते. थायलंडमध्ये १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यानुसार अनेक क्षेत्रांत परदेशी माणसाला निम्म्याहून कमीच मालकी ठेवता येते. मग कोणीतरी सुचवतं की उरलेले शेअर्स आमच्या ओळखीच्या थाई लोकांच्या नावावर ठेवू, कागदोपत्रीच. असे नावापुरते भागधारक उभे करणं तिथे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख ते १० लाख बाट दंड होऊ शकतो, आणि तो नाव देणाऱ्यालाही होतो. ‘सगळेच असं करतात’ हे वाक्य सल्लागाराच्या तोंडून आलं की उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एजंटची दुसरी मर्यादा म्हणजे त्याचं काम बहुधा प्रमाणपत्रापाशी थांबतं. अमेरिकेत परदेशी मालकाची एकल एलएलसी (एकाच मालकाची मर्यादित जबाबदारीची कंपनी) असेल आणि मालकाने कंपनीत पैसे घातले किंवा काढले असतील, तर कमाई शून्य असली तरी त्या वर्षासाठी फॉर्म ५४७२, म्हणजे अशा व्यवहारांची माहिती करखात्याला देणारा फॉर्म, भरावा लागतो. नाही भरला तर दंड २५,००० डॉलर. पॅकेजमध्ये हे धरलं आहे का, असा थेट प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

आता स्थानिक वकील. प्रत्यक्ष तिथे राहायला जाणार असाल, जागा भाड्याने घेणार असाल, माणसं नेमणार असाल किंवा तिथला भागीदार घेणार असाल, तर माझा कौल निःसंशय त्याच्याकडे आहे. एकट्या भाडेकराराचंच बघा. जागा आवडते, मालक घाई करतो आणि सही होते. व्यवसायाचा परवाना किंवा व्हिसा नाकारला गेला तरी भाडं चालूच राहतं. वर करारात वैयक्तिक हमीचं कलम असेल, तर कंपनी बंद केली तरी वसुली मालकाच्या स्वतःच्या पैशांतून होऊ शकते. जाणता वकील इथे दोन गोष्टी करतो. परवाना आणि व्हिसा मिळाला तरच करार लागू होईल असं कलम घालून घेतो, आणि हमी काढता आली नाही तर तिला रकमेची आणि मुदतीची मर्यादा घालतो. एवढ्या दोन ओळींनी त्याची फी वसूल होते.

पण ‘वकील’ म्हणजे सगळं जाणणारा माणूस नव्हे. जपानमध्ये तर कामाची वाटणीच कायद्याने झाली आहे. कंपनीची नोंदणी शिहो-शोशी करतात, व्हिसाचे अर्ज ग्योसेइ-शोशी तयार करतात आणि वाद कोर्टात गेला की बेंगोशी, म्हणजे वकील, लागतो. शिवाय नियम अचानक बदलतात. जपानच्या बिझनेस मॅनेजर व्हिसासाठी भांडवलाची अट ५० लाख येन होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदम ३ कोटी येन झाली. जुन्या आकड्यावर योजना आखलेल्या माणसाचं सगळं गणित कोलमडावं असा हा बदल आहे. म्हणून व्हिसाचा सल्ला त्यातच रोज काम करणाऱ्याकडून घ्यावा आणि त्याचा परवाना अधिकृत यादीत तपासावा. ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हाच आहे.

नोटरीबद्दलचा गैरसमजही दूर करायला हवा. जर्मनीत जीएमबीएच (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढायची तर नोटरी अनिवार्य. किमान भांडवल २५,००० युरो, त्यातले १२,५०० नोंदणीआधी भरावे लागतात. नोटरी अख्खा दस्त मोठ्याने वाचून दाखवतो आणि जर्मन येत नसेल तर तो भाषांतर करून ऐकवावा लागतो. हे सगळं बघून वाटतं की आपलं हित बघणारा माणूस समोर बसला आहे. तसं नाही, नोटरी तटस्थ असतो. भागीदाराला जास्त अधिकार देणारं कलम तो समजावून सांगेल, पण ते बदलून घेण्यासाठी तुमच्या बाजूने भांडणार नाही. ते काम तुमच्या वकिलाचं.

मोठ्या आंतरराष्ट्रीय लॉ फर्मबद्दल थोडक्यात सांगता येईल. बाहेरचे गुंतवणूकदार येणार असतील, एकाच वेळी अनेक देशांत कंपन्या काढायच्या असतील, किंवा बँकिंग, औषधं यांसारखं कडक नियंत्रणाचं क्षेत्र असेल, तर त्यांच्याकडे जावं. कॅफे, छोटी सॉफ्टवेअर कंपनी किंवा सल्ला-व्यवसाय यासाठी ताशी दराने बिल लावणारी फर्म परवडत नाही, आणि लहान अशिलाचं काम तिथे बरेचदा नवख्या वकिलाकडे जातं.

आपल्या देशातल्या करसल्लागाराला मात्र वगळू नका. कंपनी कुठेही नोंदवली तरी तिचे निर्णय प्रत्यक्षात तुमच्या देशात बसून होत असतील, तर अनेक देशांचे कायदे तिला आपलीच करदाती मानतात. परदेशातला वकील हे सांगेलच याची खात्री नाही, कारण तो त्याच्या कायद्याचा विषय नाही.

मी सुचवेन तो क्रम असा: नोंदणीच्या आधी स्थानिक वकिलाशी एक-दोन तासांची पैसे देऊन बैठक, मग त्याच्या सल्ल्यानुसार कंपनीचा प्रकार ठरवणं, आणि फॉर्म भरण्याचं काम एजंटकडे. बैठकीत मालकीची मर्यादा, व्हिसा, परवाने आणि कंपनी बंद करण्याचा खर्च हे चारही विषय काढा. तुम्ही फक्त माझे वकील आहात की माझ्या भागीदाराचेही, हेही विचारा. फी ठरलेली असेल तर त्यात काय येत नाही ते लिहून घ्या. मुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर ते ठरावीक कामापुरतं आणि ठरावीक तारखेपर्यंतचंच द्या, आणि सरकारी पोर्टलचं खातं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या ईमेलवर ठेवा. एजंट बदलायची वेळ आली की घोडं अडतं ते नेमकं त्या पासवर्डपाशी.